अठरा वर्षं अण्णाच्या खुणेवर

मी इचलकरंजीचा. वडील यंत्रमागावरचे जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, आणि चाळीस वर्षं त्या खडखडाटात काढल्यावर कान जे गेले ते गेलेच, पण डोळा असा की ताणलेल्या हजार धाग्यांत एक तुटलेला असला तर दारातनं सांगायचे, तिकडं बघ, डाव्या अंगाला, गेलाय. हे आधीच सांगून ठेवतो, मुक्ता, कारण पुढं सगळं त्या डोळ्यांवर येणार आहे. रेकॉर्डिंग चालू केलंस ना? बरं. आणि तू तुमच्या विद्यार्थ्यांच्या युनियनच्या पत्रकात लिहितेस तसा दर ओळीला संताप घालू नकोस, मला काही एवढा राग आलेला नाही. चहा घे आधी.

तर तात्यांनी आम्हा दोघा भावांना एक गोष्ट मारून मुटकून शिकवली, मोठं माणूस आलं की बसलेली जागा सोडून उठायचं. मामा आला, उठा. मास्तर आले, उठा. मागाच्या मालकाचा पोरगा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, तो स्कूटरवरनं आला की तात्या स्वतः हातातलं काम टाकून उठायचे, तेव्हा मात्र मला कुठंतरी टोचायचं, पण मीही उठायचो. अंगात गेलं ते. आजही इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी वयस्कर आलं की माझी खुर्ची गेलीच म्हणून समज.

पुण्यात मी एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होतो आणि संध्याकाळी हौशी नाटकं. मोठा नट वगैरे काही नाही, कायम हवालदार नाहीतर पत्र आणून देणारा गडी, त्यात उंची सहा फूट एक, मागं उभं केलं तरी पुढच्याच्या डोक्यावरनं दिसायचो, मग दिग्दर्शक म्हणायचे, विलास, जरा वाक. पण रंगमंचावर पाय टाकायच्या आधी हात लावून कपाळाला लावायचा, ही सवय तिथली. ती सुटली नाही.

मग सुनंदाला, म्हणजे बायकोला, तिच्या कंपनीनं इकडं पाठवलं, न्यू जर्सीला, आणि तिच्या व्हिसावर मी आलो, त्या व्हिसावर काम करता येत नाही, सहा वर्षं घरी. गणपतीला लोक विचारायचे, चौगुले, आपण काय करता? मी म्हणायचो, मोदक करतो. आणि खरंच करायचो, एकवीस पाकळ्यांचे. हसायचे लोक. सुनंदा घरी आल्यावर म्हणायची, हसू देत, कळ्या मात्र अजून बारीक पाड.

ग्रीन कार्ड आल्यावर इकडं जवळच एका पिक्चरचं शूटिंग होतं, त्यांना सहा फूट एक उंचीचा, गव्हाळ रंगाचा, खांदे रुंद असलेला माणूस हवा होता, शेजारच्या पोरीनं कुठंतरी वाचलं आणि म्हणाली, काका, हे तुम्हीच आहात. गेलो. काम काय, तर उभं राहायचं. म्हणजे बघ, नट येतात, सीनची तालीम करतात, कुठं थांबले तिथं जमिनीवर रंगीत चिकटपट्टीची खूण करतात, प्रत्येकाचा रंग वेगळा. मग नट जातात आणि हाक येते, दुसरी टीम. दुसरी टीम म्हणजे आम्ही. नटानं जसं चालून दाखवलं तसंच चालायचं, त्याच खुणेवर थांबायचं, मान तेवढीच वळवायची, आणि तास-दीड तास ते लाइट लावतात, कॅमेरा हलवतात. सगळं जमलं की हाक येते, पहिली टीम, आणि त्या क्षणी खूण सोडून बाजूला व्हायचं, नट येतो, पिक्चर होतो. त्यात आम्ही कुठंच नसतो. हे काम करणाऱ्यानं त्या हाकेला रेंगाळलेलं चालत नाही. मी अठरा वर्षांत एकदाही रेंगाळलो नाही.

आणि मी कुणाच्या खुणेवर उभा राहायचो ते सांगितलं तर तू कप खाली ठेवशील, पण सांगता येत नाही, कागदावर सही केलीय. म्हणून घरात आम्ही त्याला अण्णा म्हणतो. सुनंदा म्हणते, पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या, आता नवरे अमेरिकन हिरोचं घेत नाहीत.

अण्णाची सगळी हकिगत मला तोंडपाठ आहे, कारण बाकीचे नट आपापल्या गाडीत जाऊन बसतात, हा मात्र खुर्ची ओढून सेटवरच बसायचा आणि मी उभा असताना बोलत राहायचा. टेक्सासच्या आडगावचा, बाप विहिरीवरचे पंप दुरुस्त करायचा, आई मेक्सिकोची. मी म्हटलं माझा बाप माग दुरुस्त करतो, त्या दिवसापासनं आमचं जमलं. वीस वर्षांचा असताना तो सेटच्या भिंती रंगवायला म्हणून आला, एक नट आजारी पडला आणि याला घोड्यावर बसवलं, दहा मिनिटांत गोळी लागून मेला. पुढं पाच वर्षं तो प्रत्येक पिक्चरमध्ये मरतच होता. कधी इटालियन म्हणून, कधी अरब म्हणून, कधी रेड इंडियन म्हणून, आणि आईकडचं आडनाव त्याला गाळायला लावलं, पिक्चरच्या पाटीवर बरं दिसत नाही म्हणून. तुला राग आला ना? त्यालाही होता. मग पोलीसवाला म्हणून जो गाजला तो पंधरा वर्षं पोलीसच. दोन लग्नं मोडली, दारूत बुडाला, एक पिक्चर असा पडला की तो स्वतः म्हणायचा, माझ्या सख्ख्या भावानंसुद्धा तिकीट परत केलं. त्यातनं बाहेर आला आणि साठीत एका म्हाताऱ्या बापाचं काम केलं, तेव्हा सगळी बक्षिसं मिळाली. बक्षीस घ्यायला गेला तेव्हा आईचं आडनाव लावून गेला. मी त्याला भेटलो तो यानंतरचा अण्णा, शांत झालेला, माझ्या डब्यातली थालीपीठं खाणारा.

एकदा त्यानं विचारलं, तू खुणेवर उभा राहण्याआधी खाली वाकून काय करतोस? मी सांगितलं, ज्या जागेवर उभं राहून पोट भरतो तिला पाय लागतो, म्हणून आधी हात लावतो. पुढच्या पिक्चरपासनं बघतो तर तोही वाकतोय. मग कुठल्याशा मुलाखतीत त्याला विचारलं, ही सवय कुठली, तर म्हणाला, एका मित्राकडून घेतली. आमच्या मंडळातले लोक मला येऊन सांगतात, बघा, केवढा मोठा माणूस आणि आपली संस्कृती. मी म्हणतो, हो ना. तू आत्ता तोंड वाकडं केलंस, मुक्ता, की नाव का घेतलं नाही. अगं, मीही त्याचं घेत नाही. आणि मित्र म्हणाला की तो.

पण एक गोष्ट मला सलायची, खोटं कशाला सांगू. तात्या. माझा धाकटा भाऊ सुभाष त्यांना अण्णाचा प्रत्येक पिक्चर लावून द्यायचा, आणि तात्या टीव्हीजवळ खुर्ची घेऊन पहिल्यापासनं शेवटपर्यंत बघायचे, टीव्हीचं कानावर काही येत नाही, नुसते डोळे. संपलं की व्हिडिओवर मला विचारायचे, यात तू कुठं हाईस? मी ओरडून ओरडून सांगायचो, तात्या, मी यात नाही, मी आधी उभा राहतो. ते म्हणायचे, मग आधीचं का दाखवत नाहीत? पुढचा पिक्चर आला की परत शोधायचे, तुटलेला धागा शोधावा तसं. आणि दोन वर्षांपूर्वी सुभाषनं सांगितलं, तात्यांना काचबिंदू आहे, डॉक्टर म्हणतात जे गेलं ते परत येणार नाही, उरलंय तेही किती टिकेल सांगता येत नाही. इथं मंडळातले लोक विचारायचे, चौगुले, तुम्ही दिसता कधी? त्यांचं मी मनावर घेतलं नाही कधी. पण तात्यांनी मला एकदा तरी बघावं असं फार वाटायला लागलं.

त्याच वर्षी अण्णाचा शेवटचा पिक्चर सुरू झाला, गुडघे गेले होते त्याचे. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला तात्यांचं सांगून बसलो. मागितलं काही नाही, नुसतं बोललो. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शिका, माझ्या मुलीच्या वयाची, माझ्याकडं आली आणि म्हणाली, हार्डवेअरच्या दुकानदाराचं एक वाक्य आहे, कराल का?

सीन असा. मी गल्ल्यामागं स्टुलावर बसलेला, कॅमेरा बाजूनं, पाय दिसतील असा, अण्णा दार उघडून आत येतो, मी बसल्या जागी म्हणायचं, दुकान बंद झालंय, उद्या या. बस. तेवढंच. आता गंमत बघ, त्या दिवशी माझ्या खुणेवर उभं राहायला दुसरा माणूस आणला होता. मला इतकं अवघडलं की मी त्याला दोनदा पाणी विचारलं. मग तो उठल्यावर मी खुणेला हात लावून स्टुलावर बसलो, लाइट बघितले, सगळं ठीक, आणि हाक आली, पहिली टीम. आणि मी उठून सेटच्या बाहेर जाऊन उभा राहिलो.

अख्खा सेट हसला. मीही हसलो, परत जाऊन बसलो. पण खरी पंचाईत पुढं झाली. कॅमेरा चालू, अण्णा दारातनं आत आला आणि मी उठलो. कट. ती म्हणाली, बसून राहा. बरं. परत आला, परत उठलो. काय सांगू तुला, मी ठरवून बसायचो आणि तो दिसला की पाय आपोआप खाली यायचे. एक तर तो माझ्यापेक्षा वयानं मोठा, त्यात अठरा वर्षं तो आला की मी जागा सोडलेली. चार वेळा झालं. पाचव्यांदा ती हळूच तिच्या असिस्टंटला म्हणाली, त्या दुसऱ्या माणसाला बसवून बघायचं का? ती वाईट नव्हती, तिचा वेळ जात होता. पण मला डोळ्यांसमोर तात्या दिसले, टीव्हीजवळ खुर्ची ओढून बसलेले, आणि स्टुलावर दुसराच कुणीतरी.

तेव्हा अण्णा दारातनं गल्ल्याच्या मागच्या बाजूला आला. गल्ल्याला धरून, कण्हत, ते गेलेले गुडघे टेकून खाली बसला, माझ्या पायापाशी. मी उठायला लागलो तर माझा पाय धरला त्यानं. जमिनीवरच्या चिकटपट्टीला हात लावला, कपाळाला लावला आणि मला म्हणाला, माझी खूण लाल, ती तिकडं दारापाशी आहे. ही निळी आहे. ही तुझी. तू उठलास तर मी कुणाकडं येऊ?

मग दोघांनी धरून उठवलं त्याला, आणि जाता जाता म्हणाला, आता चुकलास तर मी परत खाली बसेन, आणि मग तूच वाकून मला उचल.

पुढच्या वेळी तो आत आला. माझा पाय स्टुलाच्या दांडीवरनं उचलला गेला, खरं सांगतो, गेलाच, पण मी तो परत ठेवला आणि बसून म्हणालो, दुकान बंद झालंय, उद्या या. तेच घेतलं त्यांनी.

पिक्चर आला. इथं एडिसनमध्ये मंडळाचे चाळीसेक लोक एकदम थिएटरात, माझा चेहरा आला तर शिट्ट्या. चार सेकंद असेन. शिट्ट्यांत वाक्य कुणाला ऐकूच गेलं नाही. सुनंदा म्हणाली, बाकी छान, पण कॉलर मुडपली होती, सांगायला कुणी नव्हतं का. मग तो घरी बघायला मिळू लागला आणि सुभाषनं तात्यांना लावून दिला, मी व्हिडिओवर होतो. माझा सीन आला तशी सुभाषनं चेहऱ्यावर थांबवला. तात्या म्हणाले, हे धुरकट दिसतंय, कुणीबी असंल. चालू कर. सुभाषनं मागं नेऊन परत चालू केला. तात्या पुढं झुकले, टीव्हीला नाक लागेल इतके. परत लाव म्हणाले. तीनदा लावला.

मग म्हणाले, ह्यो विलास हाय. पाय उचलला बघ, मोठं माणूस आलं म्हणून उठाय निघाला.

मी मोठ्यानं ओरडून म्हटलं, हो तात्या, मीच. चुकलं जरा.

त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. टीव्हीवरनं नजर न काढता म्हणाले, मग परत ठेवलास. बरं केलंस. दुकान तुझं हुतं, तू कशाला उठायचं.

माझ्या मनात काय आलं ते तुला कळलं असेल, स्कूटरवरनं येणारा तो मालकाचा पोरगा. तात्यांच्याही आलं असेल.

आता अण्णा टेक्सासला असतो, मिरच्या लावतो, दिवाळीला फोन करतो आणि सुनंदाला विचारतो, याची कॉलर नीट आहे का. माझं ते काम संपलं. मंडळातल्या मुलांचं नाटक बसवतो रविवारी, ती उत्तरं इंग्लिशमध्ये देतात आणि वाक्यं मराठीत म्हणतात, चालतंय. प्रत्येकाला वेगळ्या रंगाची पट्टी लावून देतो, मागं उभ्या राहणाऱ्या हवालदारालासुद्धा, आणि त्याला वाकायला सांगत नाही. तात्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं, पण मला बघून झालंय त्यांचं. आणखी काय पाहिजे.

तू शिकायला एवढ्या लांब आलीस, पोरी, लोकांसाठी भांडतेस, भांड, पण वेळेवर जेवत जा. सुखी राहा. आणि हे छापशील तेव्हा त्याचं नाव लिहू नकोस, शोधायच्या फंदातही पडू नकोस. माझं लिही. विलास दत्तू चौगुले, इचलकरंजी, पूर्ण लिही, वडिलांच्या नावासकट. सुभाष वाचून दाखवेल त्यांना. चांगलं मोठ्यानं वाचावं लागेल, गल्लीला ऐकू जाईल असं.