नाव मनालीचं निघालं

तुझ्या त्या सर्वेच्या मोबाईलनं चिठ्ठीगत मनालीचं नाव काढलं म्हणून काय झालं गो? घरात आम्ही तिघं, त्यातलं एक तो निवडणार नि त्यालाच विचारायचं — ही कुठली रीत? सासू हाय ना मी समोर बसलेली! सुनेचं सगळं मलाच ठाऊक. अख्ख्या खांब गावामधी कुणालाही विचार, आमच्यात सुनेचं सासूच सांगते. तू पेणहून एवढ्या उन्हाची आलीस, बस. मी वाल सोलते नि बोलते — मोड लांबले की बिरडं कडू होतं.

जेवण? जेवते की. म्हणजे पानावर बसते. भात चिवडते नि उठते — पण बसते ना? लिही, जेवते. झोप? झोपते. मधीच उठून बसते, भिंतीकडं बघत. मला कसं ठाऊक? अगो, मी तिच्याच खोलीत निजते. आदेश, माझा मुलगा, डोलवीला कंपनीत — शिफ्टमुळं तिकडंच राहतो, सुट्टीला येतो. मग ती एकटी नको म्हणून मी. उदास? उदास कशाला असंल? मूल गेलं पोटात, सातव्या महिन्यात, व्हय. माझंही गेलं होतं. मी भाताच्या लावणीला उभी राहिले! मला काय वाटतं ते कुणी विचारायला आलं नाय — कुणीच नाय आलं गो.

पुढचं वाच... जगू नये असं? काय बोलतेस भरल्या घरात! नाय. लिही, नाय. विहिरीवर मीच जाते, गुडघे मोडले तरी तिला धाडत नाय. फवारणीचं औषध शेजारी नाथाकडं नेऊन ठेवलंय. असं काय बघतेस? आपली सावधगिरी. आदेशला बोलले नाय, तिकडं त्याच्या जिवाला घोर नको.

एकटीलाच विचारायचं? दार लावून? माझ्यासमोर खरं बोलायची नाय म्हणतेस... व्हय. माझ्यासमोर नुसती "बरंय आई". सकाळी बरंय, सांजेला बरंय. भीती वाटते गो मला त्या बरंयची.

ऐक. ते मघाचं "नाय" पूस. जा आत. दार नुसतं लोटून घे — आतून कडी शोधू नको, मीच काढून ठेवलीय. मी बसते नाथाच्या ओट्यावर, वालाचं सूप घेऊन. जा ना गो! माझ्याकडं काय बघतेस — नाव तिचं निघालंय.