पाणी पिणारा चौथा

विद्याश्री : अव्वा, खरं सांग. माझ्या दगडांना कोण हात लावतंय?

मल्लव्वा : दगड म्हणू नको. पाचजण हायती ते.

विद्याश्री : पन्हाळ्याच्या अलीकडच्या खाणीतनं मशीननं कापून आणलेत. माझ्या पीएच.डी.चे नमुने आहेत!

मल्लव्वा : काळे, गोल, पेल्याएवढे, कोनाड्यात वळीनं उभे. बघून नुसतीच पुढं जाऊ व्हय? भस्म लावलं. आंघोळ घातली.

गुरुसिद्ध : दुधानं.

विद्याश्री : दुधानं?

मल्लव्वा : फकस्त सोमवारी.

विद्याश्री : म्हणून फोटोसाठी कॉलेजात नेले की मुंग्या! आप्पा, तुम्हाला माहीत होतं?

गुरुसिद्ध : पाचजणांची आंघोळ झाल्याशिवाय मला चहा मिळंना, तेव्हाच कळलं. म्हटलं, मोठ्या माणसांत आपण कशाला बोला.

विद्याश्री : अव्वा, ऐक. या दगडावर खडूची पूड चोळून पुसली की भोकांत पांढरं राहतं. त्याचा फोटो संगणकात घातला की तो पांढरं तेवढं भोक धरतो, आणि दगड किती दाबानं फुटेल ते काढतो. तू ओढलीस भस्माची तीन बोटं. मला वाटलं, खडूच नीट पुसला गेला नाही. संगणकानं भोकांचे तीन पट्टे धरले! म्हणतोय, दगड शिंकल्यावर फुटेल.

मल्लव्वा : मी रोज उचलते, शिंकतेबी. खुळा हाय तुझा संगणक.

गुरुसिद्ध : खुळा न्हाय गं, भाविक हाय. भस्म बघितलं आन् विरघळला.

विद्याश्री : नशीब, आधीचे फोटो फ्लॉपीत होते. त्यावरनं परत गणित लावलं. आधी तिसरा फुटणार. तसं लिहून बंद पाकीट आज तीन वाजता धारवाडहून तपासायला येणाऱ्या सरांना द्यायचं, मग पाचही त्यांच्यासमोर मशीनखाली. चुकलं तर प्रबंध वर्षभर मागं. दे इकडं.

मल्लव्वा : मशीनखाली? म्हंजे फोडणार?

विद्याश्री : मग काय पूजणार?

मल्लव्वा : चौदा सोमवार झाले माझे. दोन ऱ्हायलेत. पूजलेलं फोडायला देऊ?

विद्याश्री : व्रत कशासाठी धरलंस तरी?

मल्लव्वा : तुझ्यासाठीच की! तूच म्हणालीस, अव्वा, माझं सगळं ह्या पाचांच्या हातात हाय. मी आपलं हात जोडले. माझं काय चुकलं?

गुरुसिद्ध : काय न्हाय. उरलेले दोन सोमवार मला पूज. मीबी काळा, गोल, आन् ह्या घरात बोलायची सोय न्हाय.

मल्लव्वा : तुमी गप बसा. आन् विद्ये, तिसरा न्हाय फुटायचा. लोखंड हाय तो. फुटला तर चौथा.

विद्याश्री : कशावरनं? तिसऱ्याला भोकंच भोकं आहेत.

मल्लव्वा : असू देत की. पाणी घेत न्हाय, वरच्यावर निथळतं. चौथा दिसायला गुळगुळीत, पर पळी वतली की अर्धी गडप. दुपारपतूर बूड वलं.

विद्याश्री : थांब. बूड ओलं? वरनं ओतलेलं खाली उतरतं?

मल्लव्वा : रोज. मी फडकं घालते त्याच्याखाली.

विद्याश्री : म्हणजे आत वरपासून खालपर्यंत चीर आहे! फोटोत नुसती वरची भोकं दिसतात, ती दिसलीच नाही. आप्पा, पेन द्या. अव्वा, एकेकाचं सांग. पहिला किती पितो?

मल्लव्वा : अगं बाई. मीच चहाडी केली की चौथ्याची.

(तासाभरानं, आतल्या खोलीतल्या संगणकावरनं उठून.)

विद्याश्री : चौथा! पाण्याचा हिशोब घातल्यावर संगणकसुद्धा चौथाच म्हणतोय. पाकीट बंद केलं. अव्वा, आता दे गं. कॉलेजात भट्टीत वाळवायचेत अजून.

मल्लव्वा : माझा हात उचलंना.

गुरुसिद्ध : गणपती न्हाय व्हय बुडवत? मोदक खायला घालून घालून?

मल्लव्वा : त्याला आधी सांगतो आपण. अक्षता टाकतो. मगच हलवतो.

गुरुसिद्ध : मग ह्यांनाबी सांग. मी रिक्षा बघतो.

मल्लव्वा : ...घे. पुसून दिलेत. पिशवीत आडवं घालू नको.

विद्याश्री : चौथ्याच्या कानात काय बोललीस?

मल्लव्वा : दगडाला कान असतोय व्हय?

विद्याश्री : तरी.

मल्लव्वा : म्हटलं, माझ्याकडं बघून तग धरू नको.