साडी विभागातली सूनबाई

हसू नका लेको, मेनरोडवरच्या मोठ्या स्टोअरात मी जन्मभर साड्या विकल्या, त्या स्वतःच्याच खांद्यावर पदर टाकून! एकदा देवळ्याची एक मावशी होणाऱ्या सुनेसाठी साडी बघायला आली. पन्नास घड्या मोडल्या, एक पसंत पडेना. शेठ माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “ही रिकाम्या हाताने गेली, तर या सगळ्या घड्या तू एकट्याने घालायच्या.”

मग काय! शेवटची हिरवी साडी अंगावर घेतली, डोक्यावरून पदर ओढला आणि लाजत लाजत मावशीच्या पाया पडलो.

मावशीने मला खालून वर न्याहाळलं. “साडी चांगली शे, बांधून द्या. मिशी नसती तर सूनही हीच नेली असती!”

अजूनही शेठ भेटला की विचारतो, “काय सूनबाई, देवळ्याला नांदायला कधी जाताय?”