पिस्ता रंगाच्या गाडीचा टप

दिनांक ७ मे २०२५, वेळ सकाळी ११.१५

मी, पौर्णिमा खुशालराव भुयार, वय ४९ वर्षे, धंदा नोकरी (खाजगी तंत्रनिकेतनात वर्कशॉप निदेशक), शिक्षण आयटीआय डिझेल मेकॅनिक, अविवाहित, राहणार राजापेठ, अमरावती, समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर वडिलांच्या नावच्या घरात खालच्या मजल्यावर मी एकटी राहते. वरच्या मजल्यावर माझे मोठे भाऊ श्याम खुशालराव भुयार, वय ५८, त्यांची पत्नी वच्छला आणि मुलगा कुलदीप, वय २९, असे राहतात. कुलदीपचे लग्न उद्या ८ मे रोजी अकोला येथे आहे. आज संध्याकाळी हळद आहे. हळदीच्या दिवशी आत्या पोलीस ठाण्यात काय करते, असे मला इथे यायच्या आधी लग्नघरातल्या चार जणांनी विचारले आहे. म्हणून जसे बोलते तसे लिहून घ्या, असे मी हवालदार माया तायडे यांना सांगितले आहे.

माझ्या मालकीची स्टँडर्ड हेराल्ड कंपनीची, १९६३ सालची, दोन दरवाजांची, वरून उघडणारी गाडी आहे. ही गाडी मला नोव्हेंबर २०२० मध्ये चांदूर रेल्वे येथे एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात दिसली. तिच्यावर सरकीची पोती रचलेली होती. सीटच्या आत उंदरांनी घर केले होते आणि टप कुजून नुसती चिंधी लोंबत होती. मालकाच्या वारसांकडून मी ती रीतसर विकत घेतली. कागद माझ्या नावावर आहेत, झेरॉक्स जोडली आहे. किती रुपयांना घेतली असे विचारले असता सांगते की, माझ्या पगारातून घेतली. घरातल्या कोणाच्या खिशात हात घातला नाही.

गाडी घरी आणली त्या दिवशी भाऊ गच्चीवरून म्हणाले, "भंगारवाल्याले द्यायचं सोडून हे भंगार विकत कावून आणून राहिली?" शेजारपाजारचे हसले. त्यानंतर पाण्याची मोटर चालू-बंद करण्यापलीकडे घरातले कोणीही मागच्या शेडमध्ये आले नाही. रॉकेलचा वास येतो म्हणायचे. मी चार वर्षे सुट्टीच्या दिवशी आणि कॉलेज सुटल्यावर तिथेच काम करत होते. इंजिन जाम होते, पिस्टन नऊ दिवस डिझेलमध्ये भिजत ठेवून सोडवले. फ्लोअरचा पत्रा गंजून पाय खाली जात होता, तो कापून नवीन पत्रा मी स्वतः वेल्ड केला. ब्रेकचे सामान नागपूर, पुणे, कोइम्बतूर असे जिथे मिळेल तिथून पोस्टाने मागवले. रंग पिस्ता. मूळ रंग तोच होता, दरवाजाच्या आतल्या बाजूला सापडला. हा माझा छंद आहे. भावाला ताशपत्त्यांचा छंद आहे, त्याच्याबद्दल मी कधी एक शब्द बोलले नाही.

टपाबद्दल सांगते, कारण तक्रार टपाचीच आहे. या गाडीला पक्के छप्पर नसते. पाइपच्या तीन कमानी असतात, पुढे लाकडी पट्टी असते, त्यावर कॅनव्हास ताणतात. पाहिजे तेव्हा वर घ्यायचा, नको तेव्हा घडी करून मागच्या सीटमागे बसवायचा. अमरावतीत मी चार कुशनवाल्यांकडे गेले. दोघांनी रिक्षाचा हूड बसवून देतो म्हटले. शेवटी अकोल्याला जुन्या शहरात रहमतुल्लाचाचा भेटले, वय ७२. त्यांचे वडील टांग्याचे टप शिवायचे. चाचा स्वतः ट्रकच्या ताडपत्र्या आणि सीटा शिवायचे. मी त्यांना गाडीचे फोटो दाखवले तर ते एकेक फोटो डोळ्यांजवळ धरून पाहत राहिले. मग म्हणाले, "बाई, हे काम माह्या अब्बाचं हाय. मले येते का नाई, करून पाहतो."

मागच्या वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर, दर रविवारी मी अकोल्याला जात होते. गाडी त्यांच्या दुकानासमोर पत्र्याखाली उभी होती. कमानी त्यांनी जुन्या तुकड्यांवरून माप घेऊन हाताने वाकवल्या. कॅनव्हास दोनदा शिवला आणि दोनदा स्वतःच उसवला. मी म्हटले, चाचा, चांगला तर झाला. तर माझ्यावरच खेकसले, "तुले चांगला दिसते, पाण्याले नाई दिसत." तिसऱ्यांदा शिवला तेव्हा त्यावर दोन बादल्या पाणी ओतले आणि मला आत बसवले. एक थेंब आला नाही. चाचा रस्त्यावर उभे राहून टाळ्या वाजवत होते. या १४ जानेवारीला त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला. तो हात टाक्याचा होता. पुन्हा असा टप कोण करून देईल, असे विचारले असता सांगते की, कोणी नाही.

मार्च महिन्यात कुलदीपने मला विचारले, "आत्या, वरातीत तुही गाडी नेऊ काय?" मी हो म्हटले. माझ्या दोन अटी होत्या. गाडी मी चालवणार आणि माझ्याशिवाय तिला कोणी हात लावणार नाही. कुलदीपला मान्य होते. भाऊ म्हणाले, "वरातीत बाईमाणूस गाडी चालवते काय? लोकं हासतीन. ड्रायव्हर पाहतो मी." मी म्हटले, मग गाडीही ड्रायव्हरचीच पाहा. मला वाटले विषय संपला.

४ मे रोजी मी गाडी धुऊन पुसून तयार केली. शेडमध्ये टप नेहमी वर लावलेला असतो, नाहीतर कॅनव्हास आकसतो. वरातीसाठी उघडी पाहिजे म्हणून त्या दिवशी टप घडी करून मागे बसवला आणि त्यावर त्याची पिशवी चढवली. चावी माझ्या पर्समध्ये होती. ५ मे रोजी सकाळी सहाच्या एसटीने मी परीक्षेच्या ड्युटीवर धारणीला गेले. शेडला कुलूप लावले होते. त्याची दुसरी किल्ली वर भावाकडे असते, कारण पाण्याची मोटर शेडमध्येच आहे.

६ मे रोजी दुपारी ४.२० वाजता मी घरी परत आले. दारात मांडव पडला होता. माझी गाडी शेडमधून ढकलत आणून मांडवाच्या बाजूला उभी केली होती आणि तिच्यावर पत्र्याचे छप्पर होते. गोठ्यावर टाकतात तो पन्हाळी पत्रा. चारही बाजूंनी वेल्ड केलेला. समोरच्या काचेच्या चौकटीवर दोन पाय वेल्ड केले होते, काच उजव्या कोपऱ्यातून तडकली होती. मागे डिकीवर रंग जळून वीतभर काळा पडला होता. पत्र्याला झेंडूच्या माळा लावून झाल्या होत्या. वेल्डिंगचे टाके मी पाहिले. माझी पहिल्या टर्मची पोरेसुद्धा याहून बरे मारतात.

मी वहिनींना विचारले, हे काय आहे. त्या म्हणाल्या, "पौर्णिमाबाई, हळद लागलेल्या पोराले उघड्या डोक्यानं नेत नसतात. वरतून छत पायजे. आपल्याकडची रीत हाय, नजर लागते. त्यात हे ऊन, पंचेचाळीस हाय बाहेर." मी म्हटले, मला फोन का केला नाही. तर म्हणाल्या, "तुमी नाई म्हटलं असतं." माझा फोन धारणीत चालू होता, रेंज होती. ५ आणि ६ मे रोजी घरातून आलेला एकही मिस्ड कॉल नाही. फोन हवालदारांना दाखवला आहे.

टपाच्या कमानी कुठे गेल्या ते मी शोधले. त्या पत्र्याखालीच होत्या. सरळ करून, कापून, पत्र्याला आधार म्हणून लावल्या होत्या. पुढची सागवानी पट्टी चुलीजवळ दोन तुकड्यांत होती. एका तुकड्याचे टोक जळलेले होते. कॅनव्हास आचाऱ्याच्या बाया बसल्या होत्या तिथे अंथरला होता आणि त्यावर कांदे चिरणे चालू होते. मी बायांना उठवले. त्यांची काही चूक नाही, त्यांना अंथरायला दिले ते त्यांनी अंथरले. पण माझा आवाज चढला होता हे मी कबूल करते, मांडवातले सगळे ऐकत होते. कॅनव्हास मधोमध चाकूने फाडलेला आहे. घडी करून सोबत आणला आहे. त्याला कांद्याचा वास आहे आणि हळदीचे डाग आहेत, ते पंचनाम्यात लिहावे.

भाऊ आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तुले गाडी पायजे का भाचा पायजे, ते सांग एकदा." मी म्हटले, मला माझा टप पाहिजे. ते म्हणाले, "एका ताडपत्रीसाठी लग्नघरात तमाशा करून राहिली? लग्न झालं का कापून टाकू पत्रा." मी म्हटले, कापण्यात तर तुमचा हात बसला आहे. त्यावर ते माझ्या अंगावर धावून आले. कुलदीपने मध्ये पडून धरले. मला लागलेले नाही.

त्यानंतर मी तो पत्रा लावणारा वेल्डर सहदेव याच्याकडे गेले. त्याचे दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. तो माझ्या ओळखीचा आहे, माझ्याच हाताखाली एक वर्ष शिकला. तो मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, म्या पुसलं होतं भाऊले, याले वरतून काई येते काय म्हून. थे म्हने, काई येत नाई, जुनी ताडपत्री हाय, काप." मी विचारले, मला एक फोन करता आला नसता का. तो म्हणाला, "थे मालक हायत म्हटलं." सहदेवविरुद्ध माझी तक्रार नाही. तो साक्ष द्यायला तयार आहे. त्याने चूक केली, पण विचारून केली. घरातल्यांनी तेवढेही केले नाही.

तुम्ही घरी कधी सांगितले होते का की गाडीला टप आहे, असे हवालदार माया तायडे यांनी मला विचारले. याचे उत्तर: नाही. सांगितले नाही. टप शिवून आणला तेव्हा मला तो दाखवायचा होता. मी दुपारी शेडचे दार उघडे ठेवून टप वर लावला आणि दोन तास थांबले. भाऊ मोटर बंद करायला आले, मोटर बंद केली आणि गेले. गाडीकडे मान वळवली नाही. मग मी दार लावून घेतले. त्यानंतर कोणाला काही दाखवायचे नाही असे मी ठरवले. रागाने ठरवले. तो राग अजून आहे, लपवत नाही.

रहमतुल्लाचाचांना मी अजून कळवलेले नाही. उद्या वरात त्यांच्या दुकानावरून जाणार होती. मी त्यांना खुर्ची टाकून बाहेर बसा म्हटले होते. मला कसे सांगायचे ते समजत नाही.

हा जबाब चालू असताना सकाळी ११.५० च्या सुमारास भाचा कुलदीप इथे आला. घरच्यांनी मला आणायला पाठवले होते. तो म्हणाला, "आत्या, तूच चालव उद्या, बाबाले मी पाहतो, पण चाल." मी नाही म्हटले. पत्र्याचा डबा घेऊन मी अकोल्याला जाणार नाही. गाडी उद्या जागेवरून हलणार नाही, चावी मी हवालदारांच्या टेबलावर ठेवली आहे. कुलदीप बाकावर माझ्याशेजारी बसला. त्याने कॅनव्हासची घडी उघडली, शिवण पाहिली आणि विचारले, "आत्या, हे वर कसं यायचं व?"

मी त्याला सांगितले. मागचे दोन पट्टे सोडायचे, कमान धरून पुढे ओढायची, समोर काचेवर दोन कड्या अडकवायच्या. एकटा माणूस करू शकतो, अर्धा मिनिट लागतो. त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "म्हंजे आईले पायजे होतं ते छत गाडीतच होतं."

मी म्हटले, हो. गाडीतच होते. वरातीसाठी मागितली तेवढे सोडले, तर चार वर्षांत या घरातल्या माणसाने त्या गाडीबद्दल मला विचारलेला हा पहिला प्रश्न आहे, आणि तो पोलीस ठाण्यातल्या बाकावर विचारला. मला तेव्हा रडू आले, तेही लिहून घ्या. कुलदीप रडला की नाही ते मी पाहिले नाही.

तो तक्रार मागे घे म्हणाला नाही. मी घेणारही नाही. भाऊ श्याम खुशालराव भुयार यांनी माझ्या परवानगीशिवाय शेड उघडून माझ्या गाडीची तोडफोड केली व करवली, याबद्दल त्यांच्यावर कायदेशीर कारवाई व्हावी. आज हळद आहे म्हणून उद्यावर आणि उद्या लग्न आहे म्हणून परवावर ढकलू नये.

हा जबाब हवालदार माया तायडे यांनी मला पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवला. मी शुद्धीवर राहून ऐकला, तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. एका ठिकाणी ‘घरगुती वादातून’ असे लिहिले गेले होते, ते मी खोडायला लावले. खोडलेल्या जागी माझी सही आहे.