टोकाला विस्तव

वाफ आहे म्हणे! नुसती वाफ!... आता तुम्हीच सांगा, बावीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवतोय, बाष्पीभवनाचा धडा मला झोपेतून उठवून विचारा, आणि वाफ कशाला म्हणतात हे मला अयूबने सांगायचं? सातवीत माझ्या पेपरात बघून पास झालेला माणूस हा! दुबईला बंदरात क्रेन चालवतो, दोन वर्षांनी एकदा मे महिन्यात घरी येतो, आला की बॅग उघडायच्या आधी माझ्याकडे येतो, म्हणजे दोस्त म्हणून लाखात एक, त्यात वाद नाही. पण यंदा, म्हणजे हेच दोन हजार नऊ साल, आला तो खिशातून एक लांबट डबी काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणतो कसा, "राजाभाऊ, खास तुझ्यासाठी. इलेक्ट्रॉनिक सिगारेट!"

तुम्हाला सांगतो, डबी हातातून पडायचीच बाकी राहिली. तसा घाबरत नाही हो मी! वर्गात साप निघाला होता तेव्हा सगळी पोरं बाहेर पळाली, मी एकटा आत होतो. टेबलावर उभा होतो, पण आत होतो ना? तर घाबरत नाही मी... फक्त विचारून ठेवलेलं बरं.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, एवढं काय आहे त्यात? आहे! सिगारेट सोडून मला दोन वर्षं झाली होती. आणि ती मी डॉक्टरच्या सांगण्यावरून सोडलेली नाही, डॉक्टर तर वीस वर्षं सांगत होते, त्यांच्या दवाखान्यातून बाहेर पडलो की पहिली सिगारेट तिथल्याच पायरीवर पेटवायचो. सोडली ती वासंतीसाठी. माझी बायको. दोन वर्षांपूर्वी तिच्या पोटात गाठ निघाली, ऑपरेशन करायचं ठरलं, आणि मी... काय सांगू तुम्हाला! घरात आम्ही दोघंच. मूलबाळ नाही. ही गेली तर दोन वाट्या तांदळाला पाणी किती घालायचं हेसुद्धा मला माहीत नाही. पाण्याचा उत्कलनबिंदू माहीत आहे, पण त्याचा भात होत नाही!

मग ऑपरेशनच्या आधी आम्ही दोघं गावी गेलो. संगमेश्वराच्या अलीकडे उतरायचं, तिथून दोन मैल आत. ग्रामदेवतेपुढे धाकू गुरवाने गाऱ्हाणं घातलं. धाकूचं गाऱ्हाणं म्हणजे काय विचारता! वकिलाने ऐकावं आणि सनद परत करावी. "बा म्हाराजा, आज ह्यो तुजा लेकरू राजाभाऊ मास्तर तुज्या पायाशी बोल बोलतो हाय... का त्येच्या बायकोला बरी कर... आन् तो आजपासून विडी न्हाय, सिगारेट न्हाय, चिलीम न्हाय, हुक्का न्हाय..." हुक्का! आमच्या अख्ख्या खानदानात कोणी हुक्का बघितलेला नाही, पण धाकूने तोही बंद केला. आणि वर शेवटी म्हणतो, "जिच्या टोकाला इस्तव असंल ती कंचीबी वस्तू मास्तर तोंडाला लावनार न्हाय! आन् लावली, तर ज्या माऊलीसाठी ह्यो बोल बोललाव तिला तू..." आणि थांबला. पुढचं बोललाच नाही. बोलला असता तर परवडलं असतं हो! नुसतं घंटेकडे बघत राहिला.

वासंती बरी झाली. ठणठणीत. आणि मी दोन वर्षं उदबत्तीसुद्धा हात लांब करून लावतो.

आणि आता हा अयूब! मला भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात घेऊन गेला, भर दुपारी, कोणी नाही बघून. "अरे मेल्या, कशाला घाबरतोस? आग नाय, राख नाय, वास नाय. भरायची नाय, चार्ज करायची नाय. ओढायची, वाफ सोडायची, संपली की दिली फेकून! तिकडे सगळे सायेब लोक ओढतात."

मी चष्मा लावून डबी वाचली. इंग्रजी असं की आमची नववीची पोरं बरी. 'प्रौढांसाठी. रोजच्या वापरास उत्तम.' खाली मुंगीएवढ्या अक्षरात, निकोटीन सोळा मिलिग्रॅम. हृदयविकार असेल तर वापरू नये, मुलांपासून लांब ठेवावी...

म्हटलं, "अयूब, ह्यात निकोटीन आहे रे! सिगारेटची सवय लागते ती ह्यानेच!"

"असणारच! नायतर चहाच्या टोपावर तोंड धरून बस की, फुकट वाफ मिळेल!"

त्याने स्वतः ओढून दाखवली. आणि तुम्हाला सांगतो, ओढल्याबरोबर त्या सिगारेटचं टोक... लाल झालं!

मी ओरडलोच. "हे काय? हे टोकाला काय पेटलं?"

"बल्ब हाय रे! शोभेला!"

बल्ब. आता बल्ब म्हणजे विस्तव का? मी बोट लावून बघितलं, गार होता. विज्ञान म्हणतं, विस्तव नाही. पण देवाला एलईडी कोणी शिकवलाय? आणि घरातल्या साध्या बल्बात तार तापून लाल होते ती काय असते? मीच फळ्यावर काढतो तिची आकृती! शिवाय तोंडात बॅटरी घ्यायची, वर समुद्राचा खारा वारा... फुटली म्हणजे? पेपरात काय छापून येईल? 'विज्ञान शिक्षकाच्या तोंडात स्फोट'? घाबरत नाही मी, पण विचारून ठेवलेलं बरं, म्हणून विचारलं, "अयूब, कोणाची फुटलीये का?" तर म्हणतो, "माझ्या ओळखीत तरी कोणाची नाय." माझ्या ओळखीत! म्हणजे ओळखीबाहेर फुटतात!

...ओढली. काय करणार? दोन वर्षं, हो! दोन वर्षं जेवण झालं की उजव्या हाताची दोन बोटं आपोआप वेगळी होतात, त्यांना काय सांगायचं? ओढली.

आता वस्तू म्हणून कशी, ते खरं सांगतो. दाताला पेनसारखी लागते, जड. चव म्हणाल तर पुदिन्याची गोळी चार दिवस रॉकेलच्या डब्याशेजारी ठेवावी तशी. पण घशाला तो जो ओरखडा बसतो ना, तो मात्र तोच! डोळ्यांत पाणी आलं माझ्या, ठसक्याने आलं की जुनी भेट झाली म्हणून आलं, देव जाणे. सवयीने राख झटकतोय, राख नाही. विझवायला दगड शोधतोय, विझवायचं काही नाही. आणि हीच तर गोम आहे! सिगारेट कशी, बोटाला चटका बसला की संपली, उठा आता, तास सुरू झाला. हिला शेवटच नाही! दहा झुरके झाले की तीस, मोजायचे कसे? छाती धडधडायला लागली, सुरूची झाडं एका बाजूला झुकली, मी वाळूत बसलो. अयूब म्हणाला, "रोजच्यासाठी फर्स्ट क्लास हाय ना?" रोजच्यासाठी! अशी रोज ओढली तर रोज मला खटाऱ्यात घालून घरी न्यावं लागेल.

घरी आलो. आणि बघतो तर काय... वासंती पलंगावर आडवी. भर संध्याकाळी, दिवेलागणीची वेळ, ही कधी आडवी होत नाही. हात पोटावर. आणि तोही ऑपरेशन झालं त्याच बाजूला!

"काय होतंय गं?"

"काही नाही हो, जराशी कळ आली."

संपलं! तुम्हाला सांगतो, माझ्या कानात धाकू बोलायला लागला, "ज्या माऊलीसाठी ह्यो बोल बोललाव तिला तू..." दुपारी मी ओढली, संध्याकाळी हिला कळ! चार तासांत! एवढ्या लवकर तर आमच्याकडे पोस्टाची तारसुद्धा येत नव्हती! मी तिचा हात धरून बसलो, माझाच हात गार, तीच मला विचारते, "तुम्हाला बरं नाही का? आणि पेपरमिंट कुठे खाल्लंत?" मनात म्हटलं, देवा, मला काय करायचं ते कर, मास्तर फुकटचा आहे, पण हिला हात लावू नको रे. हिच्याशिवाय मी काय करू?

सकाळच्या पहिल्या एसटीने गाव गाठलं. हिला सांगितलं, शाळेचं काम आहे. मे महिन्यात शाळेचं काम! ती हूं म्हणाली फक्त.

धाकू देवळात झाडलोट करत होता. सगळं सांगितलं. म्हटलं, कौल लाव. ही वस्तू बोलात येते की नाही, देवाला विचार. धाकूने मूर्तीच्या उजव्या-डाव्या खांद्याला पाण्याने एकेक पाकळी चिकटवली. उजवी पडली तर चालेल, डावी पडली तर नाही. आणि हात जोडून सुरू झाला, "बा म्हाराजा, मास्तरांनी दुबयची सिगारेट आनली हाय..."

"अरे, सिगारेट म्हणू नको ना! मग निकालच लागला!"

"मंग काय म्हनू?"

"म्हण, वाफेचं यंत्र."

"म्हाराजा, मास्तरांनी वाफेचा यंत्र आनला हाय, तो तोंडात घालून..." मधेच थांबला. "मास्तर, देवाला काय कळनार? त्येनं बघितलीच न्हाय ही वस्तू. चालवून दावा."

अहो, म्हणजे बघा! ओढू का म्हणून विचारायला देवासमोर ओढायची! मी दोन पावलं मागे सरलो. घाबरत नाही मी, पण... नाही, इथे घाबरलो. उघड सांगतो. धाकू म्हणाला, "ऱ्हावदे. मी दावतो. मी कुटं बोल बोललाव?" आणि त्याने एक झुरका घेतला. टोक लाल! देवापुढे वाफेचा हा ढग! पाकळ्या? जागच्या जागी. धाकू म्हणाला, "देव इच्यार करतो हाय." पाच मिनिटांनी म्हणाला, "देव इसरला असंल," आणि पुन्हा एक. मग पुन्हा एक. तासभर, तुम्हाला सांगतो, तासभर देवाला आठवण करून देत होता तो! घंटेखाली बसून, पाय पसरून, डोळे मिटून! शेवटी ते लाल टोक दोनदा लुकलुकलं आणि विझलं. अयूब तीनशे झुरके सांगत होता. आणि ती विझली त्याच क्षणाला पाकळ्या पडल्या... दोन्ही! एकदम!

"ह्याचा अर्थ काय, धाकू?"

धाकूने वरची धूळ झटकावी तसं ते नळकांडं झटकलं आणि म्हणाला, "देव म्हनतो, घरात इचार."

"घरात? घरात कोणाला?"

"वहिनीला. मास्तर, ती टोकाला इस्तव वाली गोष्ट मी कुटली बोलतो? वहिनीनं सांगितली हुती. तुमी देवळामागं शेवटची वढायला गेल्ता ना, तवा. मला म्हनाली, धाकू, मी परत येते न येते. हे पळवाट काढनारे हायत. असा बोल घाल, का मी नसले तरी ह्यांनी वढता नये."

...तुम्हाला सांगतो, परतीच्या एसटीत खिडकीशी बसलो होतो, पण बाहेरचं काही दिसलं नाही मला. बाई स्वतः ऑपरेशनला निघालीये, आणि भीती कोणाची? माझी!

घरी आलो तर वासंती दारात उभी. धाकूकडे मोबाइल असतो हे मी विसरलो होतो. म्हणाली, "अयूबभावजींना विचारलंत. देवाला विचारलंत. मला विचारलंत?" मी मान खाली. म्हटलं, "तुला काल कळ आली, मी घाबरलो गं. माझ्यामुळे आली वाटलं." तर तिची मान खाली! म्हणाली, "ती कळ... काल अयूबभावजींच्या अजराकडे फणस कापला होता. सोळा गरे खाल्ले मी." सोळा! डॉक्टरांनी एकही खाऊ नको म्हणून सांगितलंय! म्हटलं, "अगं, आधी मला विचारायचं तरी!" तर म्हणते, "विचारलं की नाही म्हणता तुम्ही."

अयूबने आणखी चार आणून ठेवल्यात. त्या कपाटात आहेत आणि कपाटाची किल्ली तिच्या कमरेला. मी रोज जेवण झालं की बाहेरच्या खोलीतून विचारतो, "वासंती, एकच झुरका?" आतून आवाज येतो, "नाही!" आणि खरं सांगू? ते 'नाही' ऐकलं की माझी छाती शांत होते. आहे ना, म्हणजे आत आहे, भांडी आवरतेय, मला 'नाही' म्हणतेय. म्हणून तर रोज विचारतो. विचारून ठेवलेलं बरं.

परवा विचारलं, आणि उत्तरच आलं नाही. पुन्हा विचारलं. तरी उत्तर नाही! तसाच धडपडत आत गेलो, तर ही ओट्याशी उभी, डोळे मोठे, दोन्ही गाल फुगलेले... तोंडात गरा! उत्तर देणार कुठून?

काय बोलायचं ह्या बाईला! बसलो शेजारी पाट घेऊन, तिच्या ताटलीतला एक मीही उचलला. टोकाला विस्तव नव्हता, तेवढं बघून घेतलं.