पोपटीवर पोपटी

पिंपळगावहून नाशिकला येणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर मावशी आणि भाची बसल्या होत्या. भाचीची शॉर्टफिल्म, त्यात मावशी हिरोइनची आई, आणि रविवारी शूटिंग मावशीच्याच घरात. मावशीच्या मांडीवर नवी साडी.

“मावशी, मी मळकट करडी नेस म्हणाले होते.”

“मळकट नेसून मी रोज पॅकहाऊसला जातेच की.”

“अगं, तुझी भिंत पोपटी, साडीही पोपटी. तू भिंतीतच गडप होशील. नुसतं तोंड दिसेल.”

“मग लोकांना दुसरं काय बघायचंय?”

“बदल ना ती.”

“नाय. तूच म्हनलीस, नंतर कॉम्प्युटरवर कलर ग्रेडिंग करतात.”

“ते थोडंफार सावरायला. तेही मित्र फुकटात करतोय.”

“ग्रेडिंग मला नको शिकवू. बारा वर्षं द्राक्षाचं तेच करते. हिरवा घड पेटीत घालून काळा व्हत नाय. रंग बागेतच बघायचा.”

“तेच म्हणतेय मी! रंग आधी ठरवायचा असतो.”

“मग भिंत रंगव.”

“कशानं? माझं बजेट चहा-वडापावात संपलंय.”

“काकांना सांग, पिक्चरसाठी पायजे. चार वर्षं माझं ऐकत नायत, तुला उद्या रंगाचा डबा आणून देतील. मला फिकट गुलाबी चालंल.”

“मावशी, साडी घेताना भिंतीचा रंग आठवला नाही का गं?”

“आठवला म्हंजी? भिंतीचा पोपडा काढून नेला व्हता दुकानात, जुळवायला.”