कान गेले, ध्यान नाई गेलं

…अन् वरतून थो दुकानवाला पोरगा मलेच कागदावर लिहून दाखोते, "काका, हळू बोला, दुकानात गिऱ्हाईक हायेत." आता तुम्हीच सांगा, ज्याले सोताचं बोलनं ऐकू येत नाई त्यानं हळू बोलाचं कसं? अन् ते जमलं असतं तं मी चिखलीच्या त्या कानाच्या मशीनच्या दुकानात कायले गेलो असतो, हवा खायाले?

तुमाले सांगतो, मी शालिग्राम, एसटीतला रिटायर कंडक्टर. बत्तीस वर्षं चिखली-मेहकर-सुलतानपूर. खिडक्याईचा खडखडाट, इंजनाची घरघर, त्यात लोकं वरडून राह्यले, मास्तर, सुट्टे द्या, मास्तर, सुट्टे द्या... उजवा कान तं नोकरीतच गेला, डावा दोन वर्षांमांगं पेन्शनीत गेला. पन एक सांगतो, कान गेले, ध्यान नाई गेलं!

घरी काय झालं म्हाईत हाय? माही बायको, कौशल्या, तिनं माहीच घंटी मले लावली. टेबलावर हात ठोकते, टेबल हाललं का मले हाताले समजते. एक ठोका म्हंजे थांबा, गप बसा. दोन ठोके म्हंजे चला, जेवाले उठा. ज्या मानसाच्या डबल बेलवर बत्तीस वर्षं गाडी हालली, त्याले ठोके! मंग पोरगा देवेश शिकला, सून शरयू शिकली. नात इरा तं सात वर्षाची, ते बी ठोकते. बरं, मी खोलीत आलो का साऱ्याईचे ओठ बंद. काऊन? कोनाची गोठ चालू राह्यत असन? माहीच ना! दुसरं कोन हाय त्या घरात येवढं बोलन्यासारखं?

म्हटलं ठीक हाय. मशीन घेतो, कोनाले सांगत नाई, डोक्याले दुपट्टा गुंडाळतो अन् एकेकाले बिगर तिकिटाच्या प्रवाशावानी रंगेहात पकडतो. वही आनली. चार नावं टाकली, नावाखाली जागा सोडली. कौशल्याच्या नावाखाली दोन पानं.

पैले फुकटच्या शिबिरात गेलो. हार-तुरे झाले, हातात मशीनचा डबा भेटला, फोटो निघाला. कान? कान कोनीच नाई पाह्यला! घरी येऊन लावलं तं मशीननं अशी शिट्टी मारली म्हन्ते, का सून गॅस बंद कराले पळाली, तिच्यामांगं देवेश पळाला, अन् मी मधात बसून इचारून राह्यलो, "काय झालं बे?" ते गेलं कपाटात. साऱ्याईले वाटलं, बुढ्यानं नाद सोडला. म्या म्हटलं, वाटू द्या.

मंग हे चिखलीचं दुकान. टाय लावेल पोरगा, शेखर नावाचा. कागदावर भाव लिहिला, एका कानाचे चाळीस हजार. माह्या पेन्शनीत त्या मशीनचे सेल नाई येत! उठतच होतो, तं त्याच्या नाकाकडं ध्यान गेलं. थे नाक... अरे, हा तं पुंजाजीचा! सुलतानपूरचा पुंजाजी, दर मंगळवारी बजाराले या पोट्ट्याले घेऊन गाडीत बसे, अन् हात जोडून म्हने, "मास्तर, अकराच वर्षाचं हाय लेकरू, हाफ द्या." तीन वर्षं अकराच वर्षाचं! मिसरूड फुटलं तरी अकरा! अन् म्या भल्या मानसानं दरवेळी हाफ फाडलं.

मंग काय, हळू बोलता तं येत नाई. भरल्या दुकानात इचारलं, "काऊन बे शेखर, बारावं लागलं का नाई अजून?"

सारे गिऱ्हाईक त्याच्याकडं पाहून राह्यले. म्या मंगळवार सांगितला, मिसरूड सांगितलं, त्याच्या चड्डीचा रंग बी सांगितला. कान गेले, ध्यान नाई गेलं! पोराचं तोंड लाल. झटकन लिहिलं, "काका, चहा घ्या." मंग लिहिलं, "कंपनीनं दाखवायला दिलेला एक पीस आहे, आठ हजारात देतो." म्या म्हटलं, "हाफ. तुह्या अकराव्या वर्षाचं म्या चालोलं, आता माह्या सदुसष्टाव्याचं तू चालोव." दिलं! बराबर कान तपासून, चार हजारात दिलं!

घरी आलो. दुपट्टा, वही, पेन्सिल, तयार. पैले पंखा ऐकला. चमचा ऐकला. सोताचं चावनं ऐकलं, लय घान आवाज हाय तो. म्हटलं, बोला आता.

ठक ठक. चहा आला.

ठक. इरानं टीव्ही बंद केला. म्या नाई सांगितलं, तिच्या मायनं ठोकलं! ठक ठक, देवेशनं सुनेकडून डबा घेतला अन् निंगला. अहो, ते आपसात बी ठोकून राह्यले! मी समोर असलो का बोलाची सवयच मोडली त्याइची. तीन दिवस बसलो मी. शिवी नाई, चुगली नाई, कोनी माहं नाव बी नाई काढलं. वही कोरी. राग कोनावर काढू?

खरं सांगू? तिसऱ्या दिशी कौशल्या एकटीच समोर भाजी निवडत बसली, तवा बदला-बिदला मनातून निंगून गेला. मले तिचा आवाज ऐकाचा होता फक्त. दोन वर्षं झाले, कसा होता तेच आठवेना. ध्यान नाई गेलं म्हन्तो मी, पन तो आवाज गेला होता. शेवटी दुपट्टा सोडला, मशीन दाखोलं अन् म्हटलं, "कौशल्या, मले ऐकू येते वं. बोल ना कायतरी. शिवी दे, पन बोल."

तिनं मशीन पाह्यलं. माह्याकडं पाह्यलं. त्या कपाटातल्या शिट्टीवाल्याकडं पाह्यलं, हे बी तसंच असन म्हनून. अन् मेथीची जुडी खाली ठेवून टेबलावर हात मारला.

ठक.

एकच. आता बत्तीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या मानसानं एका बेलवर काय करावं?

थांबलो.